मापाची वही

ताई वजनकाट्यावरून उतरली आणि काहीच बोलली नाही. मेडिकलच्या दारातला काटा तो, रबराची चटई कडेने उसवलेला. तिने आधी डावा बूट घातला, मग उजवा. नाडी बांधायला वाकताना नेहमीसारखा एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, पण त्या दिवशी त्या हाताचा भार जास्त वाटला. काळ्या काचेत लाल आकडे अजून तसेच होते, ८५.६. संक्रांतीनंतरच्या सोमवारी याच काट्यावर ते ८६.२ होते. मधल्या बारा आठवड्यांत, आठवड्यातले पाच दिवस, ती पर्वती चढली होती. पहाटे साडेपाचचा गजर, ओट्याशी उभ्या उभ्या घेतलेला अर्धा कप चहा, आणि परत येऊन साडेसातला भाऊजींचा डबा. घराकडे वळताना तिने कोपऱ्यावरून दूध घेतलं. अर्ध्या लिटरची पिशवी हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "एवढंच की गं हे."

त्या रात्री मी तिच्याकडेच जेवायला होते. भाऊजींनी विचारलं, किती उतरलं? तिने उत्तर द्यायच्या आत मी बोलले. "व्यायामाने वजन उतरत नसतं गं ताई. तोंडावर ताबा हवा." भाऊजी हसले. ताई तव्यावरची पोळी उलटत होती, तिने ती उलटली, फडक्याने कडा दाबल्या, माझ्या ताटात वाढली. दुसऱ्या दिवशी गजर झाला नाही. आठवड्याने बूट पिशवीत गुंडाळून माळ्यावर गेले. वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं, माफी मागून मोकळी झाले असते. पण ते खरं होतं. खाणं तेवढंच ठेवून नुसता व्यायाम केला तर वजन थोडंच उतरतं, हे जगभर पुन्हापुन्हा दिसून आलेलं आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, मला ते चांगलं ठाऊक होतं.

तरीही ते वाक्य मला पाच महिने झोपू देत नव्हतं.

रविवारी मी तिच्याबरोबर पर्वतीला जायचे, म्हणून तिचं चढणं मी जवळून पाहिलेलं आहे. एकशे तीन पायऱ्या. रुंद, ऐसपैस, एका पावलात न मावणाऱ्या, त्यामुळे चढायची लय सापडत नाही. दर पायरीवर दीड पाऊल पडतं आणि प्रत्येक वेळी वेगळा पाय पुढे येतो. ताई उजवा हात कठड्यावर ठेवायची, पकडायची नाही, नुसता टेकवायची. पहिल्या तीस पायऱ्या गप्पा चालायच्या, मग वाक्यं तुटायची, मग फक्त श्वास. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा थांबली होती. मार्चमध्ये एकदाच थांबायची, तेही माझ्यासाठी थांबल्यासारखं करून. वर पोचलं की देवळाच्या ओट्यावर बसून सलवार थोडी वर घ्यायची आणि अंगठ्याने पोटरी दाबायची. "बघ, दाबून बघ. दगड झालाय नुसता." मी दाबायचे. कातडीखाली ऊब असायची, आणि त्या उबेच्या खाली काहीतरी बारीक थरथरत असायचं, नुकत्याच बंद केलेल्या शिलाई मशीनच्या चाकासारखं. खाली पुणं धुक्यात असायचं. आम्हां दोघींच्या अंगाला घामाचा आणि कालच्या बामचा मिळून एक वास यायचा. "पाय आंबलेत," ती म्हणायची, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. कष्ट अंगी लागल्याचं समाधान असायचं त्यात.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. बारावीच्या वर्गात अंतःस्रावी ग्रंथी शिकवत होते. पियूषिका, अवटू, स्वादुपिंड. फळ्यावर आकृती काढलेली, माणसाच्या बाह्यरेषेत ठिकठिकाणी ग्रंथी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, मसल्सपण काही सोडतात ना रक्तात? जिममधले सर म्हणत होते." मी म्हटलं, स्नायू काम करतात, ते ग्रंथी नाहीत. मुलगा बसला. बावीस वर्षं मी स्नायूंचा धडा हालचालीच्या प्रकरणात शिकवत आले. हाडाला ओढणारे दोर, साखर जाळून उष्णता देणारी भट्टी, थकवा आणि आम्ल. एका निरोगी माणसाच्या वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा स्नायूंचा, आणि माझ्या आकृतीत ती सगळी जागा कोरी होती. त्या रात्री वह्या तपासायच्या बाजूला ठेवल्या आणि वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वर्गासमोर सांगितलं की तुझं बरोबर होतं. तो लाजला. मग मी वाचतच राहिले, कारण वाचताना मला सतत ताईची पोटरी आठवत होती.

कोपनहेगनमध्ये २००० साली झालेला एक प्रयोग मला विशेष भिडला, त्याच्या साधेपणामुळे. काही तरुणांना खुर्चीत बसवून एकाच पायाने, गुडघ्यातून, झटका मारायला लावला. पाच तास. दुसरा पाय नुसता लोंबत. दोन्ही मांड्यांमधून परत येणाऱ्या रक्ताचे नमुने घेत राहिले. काम करणाऱ्या पायातून येणाऱ्या रक्तात इंटरल्यूकिन-६ नावाचं एक प्रथिन भरभरून उतरत होतं, आरामातल्या पायातून उतरत नव्हतं. माणूस एकच, रक्त एकच, फरक फक्त राबण्याचा. हे प्रथिन तोवर दाह आणि संसर्गाच्या संदर्भातच ओळखीचं होतं, पांढऱ्या पेशींचं म्हणून. मॅरेथॉन पळालेल्यांच्या रक्तात ते शंभरपटीपर्यंत वाढलेलं सापडायचं, तेव्हा स्नायूला इजा झाल्याची ती खूण असावी असं धरलं जायचं. पण इथे इजा नव्हती, नुसतं आकुंचन-प्रसरण होतं. बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा प्रथिनांना नाव दिलं, मायोकाइन. स्नायूने पाठवलेला निरोप. तो यकृताला जातो, चरबीला जातो, स्वादुपिंडाला जातो. राबणाऱ्या स्नायूतून काहीतरी पाझरत असावं आणि त्याने साखर खाली येत असावी, अशी शंका १९६१ सालीच एका संशोधकाने मांडली होती. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. ती शंका माझ्या फळ्यापर्यंत पोचायला साठ वर्षं लागली.

आमची आजी जात्यावर दळायची, ते मी अगदी लहानपणी पाहिलंय, भोरजवळच्या घरी. तिच्या दंडाला आतून एक गोळा हलायचा, वर-खाली, खुंटा फिरेल तसा, आणि मी त्यावर बोट ठेवून बसायचे. तिला ते खपायचं. आज वाटतं, त्या बोटाखाली काय काय सुटत होतं! पण लगेच हेही आठवतं की दळण झाल्यावर ती भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायची, आणि पन्नाशीतच तिची कंबर वाकली होती. जुन्या बायका कशा काटक होत्या असं कुणी म्हणालं की मला बोलवत नाही. तिला दुसरा उपाय नव्हता म्हणून ती दळत होती, आणि पुरेसं खात नव्हती. मात्र एक शब्द ती वापरायची तो मला आता नव्याने ऐकू येतो. आजारपणातून उठलेल्या माणसाला ती म्हणायची, "जरा अंग हलतं ठेव, म्हणजे अंग बोलेल."

लठ्ठपणाच्या बाबतीत या प्रथिनाची गोष्ट मात्र सरळ नाही, आणि मला ती नेमकी त्यामुळेच जवळची वाटली. ताईसारख्या माणसाच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आधीच जास्त असतं. पोटाच्या चरबीतून ते दिवसरात्र झिरपत असतं, थोडं थोडं, सोबतीला दाह वाढवणारी इतर प्रथिनं घेऊन. त्या संगतीत ते इन्शुलिनच्या कामात अडथळे आणणाऱ्यांत मोडतं. आणि चढ चढताना पोटरीतून, मांडीतून सुटतं तेही तेच. मग एक घातक आणि एक हितकारक, हे कसं? मला आमच्या जुन्या घराची न्हाणी आठवली. नळ रात्रभर ठिबकत राहिला की भिंतीला ओल धरायची, पोपडे निघायचे. आणि वळवाची सर यायची तेव्हा तेच पाणी कौलांवरून धाडधाड वाहून अंगण स्वच्छ करून तासाभरात थांबायचं. व्यायामाचं इंटरल्यूकिन असं सरीसारखं येतं. एकदम चढतं, काम थांबलं की काही तासांत उतरतं, आणि त्याच्या मागोमाग दाह शमवणारी प्रथिनं रक्तात येतात. कोपनहेगनमध्येच लोकांना तीन तास सायकल चालवायला लावून मधेच जिवाणूच्या विषाचा अगदी छोटा डोस टोचला होता. आराम करणाऱ्यांच्या रक्तात दाहाचं प्रथिन उसळलं, सायकल चालवणाऱ्यांच्या रक्तात ते उसळलंच नाही.

यापुढचं जे वाचलं, त्याने मी उठून खिडकीशी गेले.

२०१९ साली डेन्मार्कमधल्याच गटाने पोट सुटलेल्या ५३ माणसांना घेतलं. काहींनी व्यायाम केला, काहींनी नाही. व्यायाम म्हणजे सायकल, एका वेळी ४५ मिनिटं. दोन्हींतल्या अर्ध्यांना संधिवातावर वापरतात ते एक औषध दिलं, जे इंटरल्यूकिन-६ चा निरोप पोचू देत नाही, पत्र दारातच अडवतं. बाकीच्यांना औषधासारखं दिसणारं नुसतं मिठाचं पाणी. आतड्यांभोवतीची चरबी, जी हृदयाला आणि साखरेला खरी नडते, ती एमआरआयवर मोजली. निरोप मोकळा होता त्या सायकलवाल्यांची ही चरबी आठ टक्क्यांच्या आसपास घटली. निरोप अडवलेल्यांनी तीच सायकल चालवली, तेवढाच घाम गाळला, पण त्यांची ती चरबी हलली नाही. म्हणजे चरबी नुसत्या कॅलरी जाळून जात नव्हती, स्नायूने सांगितल्यावर जात होती. किती आठवडे चालला हा प्रयोग, ते मी मागे जाऊन पुन्हा वाचलं. बारा आठवडे. संक्रांत ते चैत्र. ताई त्या फाटक्या चटईच्या काट्यावर उभी होती, काटा सगळी चरबी, सगळं पाणी, हाडं आणि स्नायू एकाच आकड्यात घालून सांगत होता, आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून तिच्या बारा आठवड्यांचा निकाल लावला होता.

या सगळ्याचा कुणी बाजार करू नये असं मला मनापासून वाटतं. आयरिसिनचं उदाहरण आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने स्नायूतून सुटणारं हे प्रथिन शोधलं आणि ग्रीकांच्या निरोप पोचवणाऱ्या देवतेचं, आयरिसचं, नाव त्याला दिलं. उंदरांमध्ये ते पांढऱ्या चरबीला ऊर्जा जाळणाऱ्या चरबीसारखं वागायला लावत होतं. साऱ्या जगाला वाटलं, व्यायामाची गोळी आता हाताशी आली. मग शंका निघाल्या. ते मोजायची बाजारातली किट भरवशाची नव्हती, माणसाच्या जनुकात त्या प्रथिनाच्या सुरुवातीची खूणच वेगळी निघाली, माणसात ते तयार होतं का इथवर वाद गेला. २०१५ मध्ये अधिक काटेकोर पद्धतीने ते माणसाच्या रक्तात सापडलं, अगदी सूक्ष्म प्रमाणात, व्यायाम करणाऱ्यांत किंचित जास्त. लठ्ठ माणसांवरच्या अभ्यासांत मात्र कुठे ते वाढतं, कुठे घटतं, कुठे जागचं हलत नाही. उलट मायोस्टॅटिनचं चित्र जास्त स्पष्ट आहे. हे स्नायूच्या वाढीवरचा लगाम. १९९७ साली ज्या उंदरांत ते काढून टाकलं त्यांचे स्नायू दुपटीने फुगले. अतिस्थूल स्त्रियांच्या स्नायूत हे जास्त आढळलं आहे, आणि महिनोन्‌महिने मध्यम व्यायाम केलेल्यांत ते खाली आलेलं दिसलं आहे. म्हणजे ज्या स्नायूला बळ हवं त्याच्यावरच लगाम जास्त कसलेला, आणि तो सैल करायला सुरुवात त्या अवघडलेल्या अवस्थेतच करायची. ताईला पहिल्या आठवड्यात चार वेळा का थांबावं लागलं, हे वाचताना मला तिच्या त्या थांबण्याबद्दल आदर वाटला.

भाऊजींबद्दलही सांगितलं पाहिजे. ते सडसडीत आहेत, हातपाय काटकुळे, मधे घडा ठेवावा तसं छोटं पोट. साखर त्यांना आहे, ताईला अजून काठावर आहे. पण घरात वजनाचा विषय निघाला की सगळे ताईकडे पाहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश मित्राचा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बाळं मोजली. पावणेतीन किलोच्या आसपासची ती बाळं इंग्रज बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती, कमी पडला होता तो स्नायू. मी आता असा विचार करते की आपल्याकडे निरोप धाडणारेच मुळात थोडे असतात. मग जे आहेत त्यांना गप्प बसवणं तर अजिबातच परवडणारं नाही, भाऊजींनाही नाही. तरण्याताठ्या निरोगी पुरुषांना दिवसाच्या दहा हजार पावलांवरून दीड हजारांवर आणलं, तर दोनच आठवड्यांत त्यांची इन्शुलिनची दाद मंदावली आणि पोटातली चरबी वाढली. दोनच आठवडे. ताईचे बूट माळ्यावर जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे थांबले. बायका गेल्या, भाऊजी आत कलंडले, आम्ही दोघी ओट्याशी. ती पुरणाचं पातेलं घासत होती, मी पुसून ठेवत होते. मी सांगितलं, एप्रिलमध्ये मी जे बोलले ते मला खुपतंय. ती म्हणाली, "कोणतं?" आणि तिच्या आवाजावरून कळलं की तिला चांगलंच आठवतंय. मग मी सगळं सांगितलं. एका पायाने झटके मारणारी मुलं, अडवलेलं पत्र, आठ टक्के. भराभर बोलत होते, ती पातेलं घासायची थांबली होती. नळ चालूच होता. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे माझ्या पोटरीतून सुटत होतं ते?" हो. "आणि ते कुठे मोजून मिळतं? दवाखान्यात?" नाही म्हणाले मी, आपल्या लॅबमधल्या नेहमीच्या चाचण्यांत ते नसतं. ती थोडा वेळ नळाच्या धारेकडे पाहत राहिली. मग नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

ताई घरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते, एकतीस वर्षं झाली. मशीनच्या खणात तिची मापाची वही असते, लांबट, पुठ्ठ्याला कापड चिकटवलेली. एका पानावर एक बाई, नाव, तारीख, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. तिने शेवटाकडचं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. वर फक्त 'मी' असं लिहिलं होतं. संक्रांतीला तिने स्वतःला एक कुर्ता शिवला होता, तेव्हा कंबर ४२. त्याखाली पाडव्याला शिवलेल्या कुर्त्याचं माप, कंबर ४१. एकचा आकडा तिने दोनदा गिरवलेला होता.

"तेव्हा मला वाटलं, टेप जास्त ओढली गेली असेल," ती म्हणाली. "पाटणकर काकूंची असती तर मी पुन्हा मोजलं असतं. स्वतःची म्हणून सोडून दिलं."

एक इंच. तो मायोकाइनचा होता की उपासाच्या दिवसांचा, हे ठरवायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते ठरवायचंही नव्हतं. माळ्यावरून बूट काढायला मी स्टूल सरकवलं, तेव्हा ती म्हणाली, थांब, आधी हे. गळ्यातली टेप काढून तिने माझ्या हातात दिली. कडांचे आकडे पुसट झालेली, टोकाला पितळी पट्टी असलेली टेप. तिने हात वर केले, बगलेला गौरीच्या हळदीचा वास होता. मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली आणि नकळत माझाच श्वास धरला. तिनेही धरला असावा, कारण लगेच ती गिऱ्हाइकांना सांगते त्या आवाजात म्हणाली, "श्वास सोडून घ्यायचं माप." दोघींनी सोडला.

साडेएकेचाळीस. तिने पेन्सिल कानामागून काढली, 'मी' खाली तिसरी ओळ आखली आणि तारीख घातली.